दिवेआगरच्या परड्यातला तरणतलाव : बांधकामाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४

आज दिव्याची अवस. विहिरीचं पाणी जमिनीपासून जेमतेम फूटभर खाली आहे. कठड्याच्या आतल्या अंगाला लाल ऑइलपेंटची रेघ ओढून शेजारी तारीख घातली. सासूबाई पडवीतून बघत होत्या. म्हणाल्या, "तिथे कसली रेघ? २००५ च्या २६ जुलैला पाणी अंगणात होतं. वर ओढ गो." मग जमिनीच्या पातळीला दुसरी रेघ.

पूल बांधायचा हे घरात पक्कं आहे. आमच्याकडे उतरणारी मंडळी पूर्वी फोनवर उकडीचे मोदक मिळतील का विचारत, आता पूल आहे का विचारतात. समुद्र किलोमीटरभरावर आहे याचं कोणाला काही नाही. अर्थात त्यांचंही खरं आहे. पावसाळ्यात इथल्या समुद्रात उतरू नयेच, आणि लहान मुलं घेऊन येणाऱ्यांना चार फूट स्वच्छ पाणी पुरतं. जागाही आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या या पट्ट्यावरूनच आत शिरलं, तेव्हा मागच्या परड्यातल्या पोफळी एका दुपारात आडव्या झाल्या. कडेने नवी रोपं लावली, मधला तुकडा तसाच राहिला. पंचवीस बाय बारा फूट तिथे आरामात बसतं.

१२ ऑक्टोबर २०२४

दसरा. पाणी लाल रेघेच्या दोन फूट खाली.

२३ नोव्हेंबर २०२४

पुण्याचे पूलवाले कॉन्ट्रॅक्टर ताम्हिणीतून सकाळीच आले. माणूस बोलायला बरा, मोजमाप स्वतः घेतो, फोटो दाखवून भुलवत नाही. मात्र कागदावर काढलं ते असं: पूल पूर्ण जमिनीत, काठ अंगणाच्या फरशीला सपाट. साडेचार फुटांची भिंत, खाली आठ इंचांचा राफ्ट (तळाची सलग काँक्रीटची लादी), म्हणजे तळ जमिनीपासून सव्वापाच फूट खाली.

त्यांना विहिरीवर नेऊन रेघा दाखवल्या. म्हणाले, "मॅडम, काळजी करू नका, वॉटरप्रूफिंग डबल कोट करतो."

माझा प्रश्न पाणी आत येण्याचा नव्हताच. बाहेरचं पाणी तळाखालून वर ढकलतं आणि रिकामा पूल होडीसारखा उचलला जातो, हे मी दुसऱ्या एका गावात पाहिलं आहे: एक टोक वर आलेलं, टाइल फुटलेल्या, पाइप उपटलेले. त्याला रंगाचा कुठलाच कोट पुरत नाही, तिथे वजन लागतं. ते म्हणाले, पूल रिकामा ठेवूच नका. बरोबर आहे. पण टाइल निखळली, मोटर जळली, साफसफाई करायची आली, तर कधीतरी रिकामा होणारच, आणि अशी कामं नेमकी भर पावसात निघतात.

आमच्या गावचे मिस्त्री इतका वेळ गडग्यावर बसून ऐकत होते. चिऱ्याच्या कामात त्यांचा हात धरणारा या पट्ट्यात कमी. ते म्हणाले, "वहिनी, खाली कशाला जाता? वर या की. दोन फूट जोतं काढा."

८ डिसेंबर २०२४

मिस्त्रींचं म्हणणं स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंकडून आकड्यांत तपासून घेतलं. वहीत उतरवून ठेवते, पुढे वाद झाला तर हाताशी असावं.

आठ इंचांच्या भिंती धरून बाहेरचं माप २६ फूट ४ इंच बाय १३ फूट ४ इंच, म्हणजे ३५१ चौरस फूट. राफ्ट आणि भिंती मिळून साधारण ४६४ घनफूट काँक्रीट, वजन जवळपास ३३ टन. पूर्ण जमिनीत पुरला आणि पाणी पहिल्या रेघेला, म्हणजे फूटभर खाली असलं, तर वर ढकलणारा जोर ४१ टन. तेहतीस विरुद्ध एक्केचाळीस. रिकामा असेल तर उचलणार.

तोच पूल दोन फूट वर घेतला की तळ जमिनीपासून सव्वातीन फुटांच्या आत राहतो. पाणी पहिल्या रेघेला असताना जोर साडेएकवीस टनांवर येतो. बिनघोर. पण सासूबाईंच्या रेघेला, म्हणजे पाणी अंगणाच्या पातळीला आलं, की साडेएकतीस टन. शिल्लक टनभर. बाई म्हणाल्या, एवढ्याशा फरकावर मी सही करणार नाही. म्हणून राफ्ट भिंतीच्या बाहेर चारी बाजूंनी नऊ इंच काढायचा. त्याचं स्वतःचं वजन वाढतं आणि वर दाबून भरलेली मातीही त्याला धरून ठेवते. शिवाय तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह: बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला की तो उघडतो आणि जमिनीतलं पाणी पुलात घेतो. पाणी गढूळ होईल, पूल जागेवर राहील.

दोन फूट जोत्याचे बाकीचे फायदे मला आपोआप दिसायला लागले. अंगणाचा लाल गाळ आत वाहून येणार नाही, बेडूक कमी, आणि दुडूदुडू चालणारं पोर थेट पाण्यात जाणार नाही. बसायला चिऱ्याचा कट्टा फुकटात.

१९ डिसेंबर २०२४

कॉन्ट्रॅक्टरनी नवा नकाशा मान्य केला. सुरुवातीला थोडे फुरंगटले, कारण "रिसॉर्ट लुक जातो." मग आकडे बघून स्वतःच म्हणाले की आधीच्या एका कामात राफ्टला तडा का गेला ते आत्ता कळतंय. हे मोकळेपणानं सांगितलं म्हणूनच काम त्यांना द्यायचं नक्की केलं. तयार फायबरचा पूल देणाऱ्याचा दर कमी होता, पण ते टरफल आणखी हलकं, आणि बाराफुटी रुंद ते आमच्या बोळातून आणायचं कुठून?

करार साध्या मराठीत, दोन पानी. पैसे टप्प्यांनी: राफ्ट, भिंती, पाण्याची परीक्षा (पूल भरून गळती बघणं), टाइल, मशिनरी. शेवटचे पंधरा टक्के पूल चालू झाल्यावर एक आषाढ गेल्यानंतर. या ओळीवर त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. ह्यांनी चहा मागवला. दुसऱ्या कपाला सही झाली.

ग्रामपंचायतीचा कागद ह्यांनी मिळवला. घर गावठाणात, आणि किनाऱ्यापासून सीआरझेडच्या (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) पाचशे मीटरांच्या रेघेपलीकडे आहे, त्यामुळे तिथे फार अडलं नाही.

१६ जानेवारी २०२५

संक्रांत झाली. ठरल्याप्रमाणे आज फक्की मारायची (पांढऱ्या भुकटीने जमिनीवर आखणी करायची) होती. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस नाही. फोनवर लोणावळ्याचं काम अडकल्याचं कळलं. मिस्त्रींना घेऊन आम्हीच दोरी लावली आणि फक्की ओढली. माडांच्या शेंड्यांखालचा भाग सोडला. वरून नारळ पडला तर टाइलचं मी समजू शकते, डोक्याचं नाही.

२ फेब्रुवारी २०२५

नाही.

२० फेब्रुवारी २०२५

अखेर खोदाई. मोठा जेसीबी बोळात शिरेना. बेड्याशेजारचा (फाटकाशेजारचा) गडगा दहा फूट उतरवून छोटं मशीन आत घेतलं. चिरे मोजून एका कडेला रचले आहेत, परत लावायचे आहेत हे कॉन्ट्रॅक्टरला लिहून पाठवलं. अशा गोष्टी शेवटी कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

वरचा दीड फूट काळी, खताची माती. पिढ्यानपिढ्या आगरात पडलेला पालापाचोळा तो. ती वेगळी काढून पोफळींच्या आळ्यांत टाकली. खाली पिवळसर रेती, मुठीत धरली तर सुटणारी. सरळ उभा कापलेला काठ अर्ध्या तासात ढासळला. मग उतार देऊन खड्डा रुंद घेतला. सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट) धरून सव्वाचार फूट खाली गेलो, पाणी लागलं नाही. विहिरीत ते पाच फुटांवर आहे.

सासूबाईंनी कोपऱ्यात नारळ वाढवला आणि खड्ड्याकडे बघून म्हणाल्या, "हौद झाला हो मोठा. म्हशी कधी आणताय?"

११ मार्च २०२५

वाळूवरून कडाक्याचं भांडण.

सकाळी डंपर आला. ड्रायव्हर म्हणतो नदीची. मिस्त्रींनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकली. मी ठेवली. खारट. सरळ खाडीची. कॉन्ट्रॅक्टर फोनवर म्हणाले, चव काय सगळ्यालाच लागते, वाऱ्याने बसतं मीठ. म्हणून शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मैत्रिणीकडून सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब आणले. एका काचेत ही वाळू धुतलेलं पाणी, दुसऱ्यात क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) धुतलेलं. दुसरं जरासं धुरकटलं. पहिल्यात पांढरा जाड साका बसला. व्हिडिओ पाठवला. उत्तर दहा मिनिटांत: "परत पाठवा."

मी एवढा हट्ट धरते कारण इथल्या जुन्या स्लॅबांची गत रोज दिसते. मिठातला क्लोराइड सळईपर्यंत पोचला की तिच्यावरचं संरक्षक आवरण तुटतं आणि गंज धरतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, तो काँक्रीट आतून फोडतो. मग खपल्या पडून तांबड्या सळया उघड्या. घराच्या स्लॅबला तरी खालून बघता येतं. पुलाला टाइल लागल्यावर आत काय चाललंय ते कोण बघणार? हवा खारी आहे ती आहेच, निदान काँक्रीटमध्ये स्वतःच्या हाताने मीठ कालवू नये.

आता माणगावच्या बाजूच्या खाणीतून काळ्या दगडाची क्रश सँड येणार. पण कधी? परवा होळी. मजूर शिमग्याला गावाला चालले आहेत, आणि पालख्या संपल्याशिवाय कोकणात कोणी कामाला परतत नाही.

२ एप्रिल २०२५

सळईचं काम पूर्ण. १० मिमीच्या सळया सहा इंचांवर, भिंतीत दोन जाळ्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्याच्या हवेसाठी एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगितलं आहे. बारबेंडरने कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवले होते. मिस्त्रींनी एक शब्द न बोलता ते सगळे काढून घमेल्यात टाकले आणि घमेलं त्याच्यासमोर ठेवलं. संध्याकाळपर्यंत ब्लॉक लागले.

व्हॉल्व्हचा खड्डा तळाच्या मध्याजवळ, खाली खडीचा थर आणि भोकं पाडलेला पाइप. कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर म्हणाला, "कोकणात कोणी लावत नाही मॅडम." तळातली शोषणाची तोंडंही एकाऐवजी दोन, एकमेकांपासून तीन फुटांहून लांब. एकाच तोंडावर कोणाचे केस किंवा पाठ चिकटली तर पंपाच्या ओढीपुढे माणूस सुटत नाही. दोन असली की ओढ वाटली जाते.

५ एप्रिल २०२५

राफ्ट ओतला. आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी बोळात येत नाही, म्हणून जागेवर मिक्सर. स्लॅग सिमेंटच्या साठेक गोण्या लागल्या. खाऱ्या जागी हे सिमेंट जास्त चांगलं असा इंजिनिअर बाईंचा आग्रह होता. पाण्याचं माप बादलीने ठरवून दिलेलं. दुपारी ऊन चढल्यावर मजूर गुपचूप जास्तीचा मग ओतू बघत होते, कारण पातळ माल ढकलायला सोपा. सासूबाई पंखा घेऊन मिक्सरशेजारी खुर्चीत बसल्या. पुढे कोणी मग उचलला नाही.

राफ्ट आणि भिंतीच्या सांध्यात पीव्हीसी वॉटरस्टॉपची पट्टी बसवायची असते. ती एका कोपऱ्यात वाकडी झालेली कॉन्ट्रॅक्टरना स्वतःला दिसली. काम थांबवून, चिखलात गुडघे टेकून त्यांनी ती सरळ करून तारेनं बांधली. वाळूच्या दिवसाचा माझा राग इथे उतरला.

पंधरा दिवस वर पाणी साठवून ठेवायचं.

२३ एप्रिल २०२५

भिंती ओतल्या. शटरिंगचे बोल्ट आरपार घालून त्याला साधी प्लॅस्टिकची नळी लावायची सवय असते, ती नळी म्हणजे पुढे गळतीची वाट. इथे मध्ये पाणी अडवणारी चकती असलेले टाय वापरले. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर दुपारी बंद पडला, दुसरा बोर्लीहून येईपर्यंत उत्तरेकडच्या कोपऱ्यात सळईने ठोकून भरलं. शटरिंग उघडल्यावर तिथेच हनीकोंब (पोकळ, जाळीदार काँक्रीट) निघेल असं मिस्त्री म्हणतात.

२७ एप्रिल २०२५

निघालं. तोडून, ग्राउट करून घेतलं.

११ मे २०२५

वेळापत्रकाप्रमाणे आता पूल भरून पाण्याची परीक्षा, मग प्लास्टर, टाइल, आणि ७ जूनच्या आत मृगाला काम पुरं. कागदावर छान दिसतं.

भरायला ३४,००० लिटर लागतात. विहीर सात फूट खाली गेली आहे आणि पोफळींना एका आड एक दिवस शिंपणं चालू आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतात मोटर लावा, दोन रात्रींत भरेल. सासूबाई म्हणतात, "वैशाखात विहीर उपसून ओतायची हौदात? पाणी मचूळ झालं की पोफळीही जातील आणि तुमचे पाहुणेही."

त्या बरोबर आहेत, आणि का ते मी कॉन्ट्रॅक्टरना समजावून सांगितलं. किनाऱ्याला जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी फूटभर असेल तर ढोबळ हिशोबाने खाली चाळीस फूट गोडं असतं, आणि वरचा फूट उपसला की खालून खारं त्याच चाळीसपट हिशोबाने वर येऊ लागतं. उन्हाळ्यात दोन रात्री मोटर लावून बसलं तर विहीर बिघडायला वेळ लागणार नाही, परत गोडी व्हायला मात्र एक अख्खा पावसाळा जाईल.

टँकरही नको. ठरवलं: परीक्षा पावसाच्या पाण्याने. आमचं छप्पर १२० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. १०० मिमीच्या एका दिवसाला १२,००० लिटर. इथे असे तीन दिवस जूनमध्ये कुठेही मिळतात. कॉन्ट्रॅक्टर गप्प झाले, कारण त्यांचा परीक्षेचा हप्ता महिनाभर पुढे गेला. बाहेरून वॉटरप्रूफिंग करून भिंतीभोवतीची माती तरी भरून द्या, असं सांगितलं. "पुढच्या आठवड्यात."

२१ मे २०२५

वळवाचा म्हणून आलेला पाऊस हटेना. समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे. बाहेरचं वॉटरप्रूफिंग झालं, पण भराव राहिला आहे. भिंतीभोवती उतार दिलेला खड्डा उघडाच.

२४ मे २०२५

रात्रभर कोसळला. वीज नाही. अंगणाचा सगळा ओघ खड्ड्यात जातोय, गाळाने तळ बसला आणि पाणी जिरेना. दुपारी काठी घातली तर पाणी राफ्टच्या वर दोन फूट.

वही काढली. वर माती नाही, म्हणजे बाहेर काढलेल्या नऊ इंचांना धरून ठेवणारं काही नाही. फक्त काँक्रीट: राफ्ट मोठा झाल्यामुळे साडेपस्तीस टन. खड्डा काठोकाठ भरला तर उचलणारा जोर साडेबत्तीस. गणितात पूल बसतो. पण तीन टनांच्या भरवशावर झोप लागत नाही. आत फूटभर पाणी असलं तर ते साडेआठ टन वजन. छपराची पन्हळ काढून तिच्या तोंडाला पाइप जोडला आणि सरळ पुलात सोडला. ह्यांनी आणि मिस्त्रींनी भिजत भिजत केलं, मी पडवीतून पाइपचे तुकडे दिले.

२६ मे २०२५

काल मॉन्सून तळकोकणात उतरला, आज मुंबईत पोचल्याचं जाहीर झालं. रोहिणी नक्षत्रातच. मिस्त्रींनाही असं लवकर आठवत नाही.

आत दोन फूट पाणी. बाहेर दोनला थोडं वर. कॉन्ट्रॅक्टरचा फोन: "मॅडम, पंप लावून आतलं पाणी काढून टाका. ताडपत्री बांधून दहा दिवसांत प्लास्टर आणि टाइल करून देतो." मी नाही म्हटलं. ते चिडले. त्यांच्या बाजूने बघितलं तर टाइलवाल्याला आगाऊ दिलेत आणि हप्ता अडकला आहे. पण भरावाशिवाय उभा पूल भर पावसात रिकामा करणं हे मी माझ्या परड्यात होऊ देणार नाही. शेवटी असं ठरलं: उघडीप मिळेल तेव्हा खड्डा उपसून मुरूम भरून द्यायचा, त्याचे पैसे लगेच. बाकी सगळं दिवाळीनंतर.

१४ जून २०२५

भराव पूर्ण, थर देऊन धुमसलेला. पूल काठाखाली सहा इंचांपर्यंत भरला, तोही छपराच्या पाण्याने. गडग्याचे चिरे अजून कडेलाच.

१९ जुलै २०२५

बादलीची परीक्षा. पुलाच्या पायरीवर बादली ठेवायची, आत-बाहेर पाणी एका पातळीला आणून दोन्हीकडे खूण करायची. वाफ होऊन जातं ते दोन्हीकडून सारखं. पाऊसही दोन्हीत सारखाच पडतो, म्हणून ही परीक्षा श्रावणधारांतही चालते. फक्त कडेचं पाणी पुलात येता कामा नये, आणि जोत्यामुळे ते येत नाहीच.

चार दिवसांनी दोन्ही खुणा बरोबर. कॉन्ट्रॅक्टरनी फोटो मागवला आणि लगोलग हप्त्याचं बिल धाडलं. अर्धं दिलं. कारण लिहून कळवलं: आत्ता विहिरीचं पाणी लाल रेघेजवळ आहे, म्हणजे भिंतीला बाहेरूनही दाब आहे. भोक असलं तरी पाणी बाहेर जायला ओढ कमी. पातळी उतरल्यावर पुन्हा बघू.

याला त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: "तुम्ही आधी काय करत होता मॅडम?"

८ नोव्हेंबर २०२५

यंदा दिवाळी झाली तरी पाऊस रेंगाळला. आता विहीर साडेतीन फुटांवर. पुन्हा बादली. चार दिवसांत पूल बादलीपेक्षा पाऊण इंच जास्त उतरला. पुलाचं क्षेत्रफळ ३०० चौरस फूट, म्हणजे पाचशे लिटरच्या वर पाणी कुठेतरी गेलं.

कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्याच दिवशी आले, वाद न घालता. पाणी आत सोडणाऱ्या पाइपांजवळ शाईचे थेंब सोडले. तीन ठिकाणी शाई जागेवर तरंगत राहिली, चौथ्या पाइपाच्या कडेने आत ओढली गेली. भिंतीतून जाणाऱ्या पाइपाला पडल फ्लँज म्हणजे काँक्रीटमध्ये रुतून बसणारी कडी लागते. त्या एकाला ती नव्हती. व्हायब्रेटर बंद पडला तो हाच कोपरा, त्या गोंधळात राहिली असणार.

३० नोव्हेंबर २०२५

पूल रिकामा केला. पाण्यात औषध कसलंच नव्हतं, सगळं पाटाने पोफळींना दिलं. सासूबाईंनी पहिल्यांदा पुलाची स्तुती केली: "साठवण बरी आहे."

चौथा पाइप तोडून, फ्लँज घालून, न आक्रसणाऱ्या ग्राउटने भरला. खर्च कॉन्ट्रॅक्टरचा, तोंडातून शब्द नाही. प्लास्टर, त्यावर दोन घटकांचं पॉलिमर कोटिंग, एक आडवा हात एक उभा.

२० डिसेंबर २०२५

टाइल. निळ्यापेक्षा करडा-हिरवा रंग घेतला. सांध्यांत इपॉक्सी. तिकडे मिस्त्री जोत्याला चिरा लावत आहेत, आणि एवढ्या दिवसांत साइटवरचा हा पहिलाच भाग आहे ज्याकडे मला लक्ष द्यावं लागत नाही.

मशिनरी खोलीत एक एचपीचा पंप आणि वाळूचा फिल्टर. सहा तासांत सगळं पाणी एकदा फिरलं पाहिजे, म्हणजे तासाला ५,७०० लिटर. लाइट १२ व्होल्टचे, पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). वायरमनला तो तीनदा दाबून दाखवायला लावला.

४ जानेवारी २०२६

विहिरीत पाणी भरपूर, रात्री थोडं थोडं करून पूल भरला. निवळशंख दिसत होतं. संध्याकाळी क्लोरीन टाकलं आणि सकाळी पाणी बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं. ह्यांनी थेट कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. ते म्हणाले, लोह. आमच्या विहिरीत विरघळलेलं लोह आहे, रहाटाच्या जुन्या दगडांवरचा तांबूस थर त्याचाच. क्लोरीन लागल्याबरोबर ते गंज होऊन पाण्यात दिसायला लागतं. तुरटी फिरवून पंप बंद ठेवला. दोन दिवसांत सगळं तळाला बसलं, ते फिल्टरला न नेता व्हॅक्यूमने थेट बाहेर काढलं.

११ जानेवारी २०२६

पीएच ७.४. हवा ७.२ ते ७.८. क्लोरीन २ पीपीएम, तो १ ते ३ मध्ये ठेवायचा. अल्कलिनिटी ५० निघाली, ती ८० च्या वर लागते, नाहीतर पीएच रोज उड्या मारतो. हिशोबाने सव्वादोन किलो खायचा सोडा टाकला. सासूबाई: "एवढ्यात गावाची भजी झाली असती."

कॉन्ट्रॅक्टर हिशोब पुरा करायला आले होते. टाइल आणि मशिनरीचे हप्ते दिले, जुलैचा अडवलेला अर्धाही दिला. पंधरा टक्क्यांचा विषय त्यांनी काढून बघितला. करारातली ओळ दाखवली. हसले, म्हणाले, आषाढ संपला की स्वतः येतो, व्हॉल्व्हची जाळीही साफ करून जातो. मेच्या पहिल्या आठवड्यात पन्हळीचा पाइप परत जोडायचा, म्हणजे पहिल्या पावसाचं पाणी वाया जाणार नाही. गडग्याचे चिरे उद्या लावायला घेणार, मिस्त्रींनी कबूल केलं आहे. दहा फुटांचे मोजून ठेवले होते, त्यातले काही जोत्यात गेलेले दिसतात.